दगडी बाणाची टोकं बनवायचं किट: अवजारं मस्त, दगडाने निराश केलं

मी कांदिवलीचा. आमच्या कांदिवलीला सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांवर के. आर. यू. टॉड यांनी १९३९ मध्ये लिहिलंय हे कळलं तेव्हापासून डोक्यात होतं की एकदा तरी स्वतः दगड फोडून बघायचा. शेवटी ऑनलाइन साडेतीन हजारांचं किट मागवलं, दोन महिने झाले, दर रविवारी सकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर ताडपत्री टाकून बसतो.

अवजारं खरंच छान आहेत. एक गोटा ठोकायला, एक तांब्याच्या टोपीचा ठोकळा, लाकडी मुठीत तांब्याची जाड तार बसवलेलं टोचणं आणि तळहाताखाली धरायला चामडं. परदेशात हरणाचं शिंग वापरतात पण आपल्याकडे चितळ-सांबराच्या शिंगांचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, त्यामुळे तांबं दिलंय ते योग्यच. तार बोथट झाली की कानशीने घासायची, काम चालू.

दगड मात्र वाईट. ऑब्सिडियनच्या (ज्वालामुखीतून बनलेली नैसर्गिक काच) चार चकत्या आल्या, त्यातल्या दोनांना आधीच बारीक तडे, पहिल्याच दाबाला मधून दोन तुकडे. विकणाऱ्याला फोटो पाठवले, अजून उत्तर नाही. मग भंगारवाल्याकडून बियरच्या बाटल्यांचे बूड आणले आणि खरं शिकलो ते त्यावरच. काच आणि ऑब्सिडियन सारखेच फुटतात, आणि बूड जाड असतं म्हणून चूक झाली तरी जीव जळत नाही.

माहितीपत्रकात एक गोष्ट धड सांगितलेली नाही ती इथे सांगतो. धार तशीच दाबली तर ती नुसती चुरते, छिलका निघतच नाही. आधी खरबरीत दगडावर धार घासून बोथट करायची, मग टोचणं त्यावर रोवून आधी आतल्या बाजूला जोर द्यायचा आणि शेवटी खाली. नीट झालं की टच असा बारीक आवाज येतो आणि चामड्यावर नखाएवढा हिरवा छिलका पडलेला दिसतो, खालच्या अंगाला शिंपल्यासारख्या लाटा. पहिल्यांदा तो निघाला तेव्हा मी उजेडात धरून किती वेळ बघत बसलो होतो! त्याच छिलक्याने टोमॅटो कापला, सालीवर जरासुद्धा दाब द्यावा लागला नाही.

गॉगल आणि मास्क किटमध्ये नाहीत, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार. इतक्या किमतीत द्यायलाच हवे होते, कारण तुकडा डोळ्यात उडतो आणि गार, अकीक, चकमक असल्या दगडांची धूळ फुफ्फुसात बसते, खंबातला अकीक घासणारे कितीतरी कारागीर सिलिकोसिसने, म्हणजे याच धुळीमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाने, आजारी पडलेत. साधा कापडी मास्क चालणार नाही, एन-९५ घ्या आणि उघड्यावरच बसा, बेडरूममध्ये पंखा लावून अजिबात नको.

पाचपैकी तीन स्टार, तेही अवजारांसाठी. घेतलंत तर लहान मुलं अनवाणी येतील तिथे बसू नका, आणि छिलके सुट्टे कचऱ्यात टाकू नका, पत्र्याच्या डब्यात भरून वर "काच" लिहून द्या, आमच्याकडे कचरा वेगळा करणाऱ्या मावशी हातानेच करतात.