केदारकंठा की ब्रह्मताल: बर्फात जायचं तर कुठे?

दोन्ही ट्रेक उत्तराखंडातले, उंचीतही फारसा फरक नाही. केदारकंठा 3,810 मीटर, ब्रह्मतालचा माथा त्याहून जेमतेम 80 मीटर कमी. डिसेंबर ते मार्चमध्ये जाणार असाल, तर निवड वाऱ्यावर करा. उणे 10 अंशांत ताशी 40 किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे 21 अंशांसारखी थंडी बोचते.

केदारकंठ्याला पायथ्याच्या सांकरी गावाहून जुडा का तालाब हे तळं आणि पुढे बेस कँपपर्यंतची वाट बहुतेक जंगलातली. झाडं वारा अडवतात. कस लागतो तो शेवटच्या चढाला. बेस कँप 3,400 मीटरच्या आसपास. तिथून पहाटे तीन-चारला हेडलँप लावून निघायचं आणि झाडी संपल्यावर जवळपास 400 मीटर उभं चढायचं. वारा तीन-चार तासच झेलावा लागतो, पण तो दिवसातल्या सर्वांत थंड वेळी.

त्यात नाताळ ते 31 डिसेंबरची गर्दी. उभ्या टप्प्यांवर रांग लागते आणि गोची इथेच होते. चालताना अंग गरम असतं. दहा मिनिटं खोळंबलात की घामाने भिजलेला आतला थर गार पडतो आणि हुडहुडी भरते. म्हणून निघताना किंचित थंडी वाजेल इतकेच कपडे घाला. डाउन (पिसं भरलेलं) जॅकेट सॅकच्या तळाशी नको, अगदी वर हवं. आतले कपडे सुती तर मुळीच नकोत.

ब्रह्मतालचं गणित उलटं. पायथ्याच्या लोहाजंग गावाहून बेकलताल तळ्यापर्यंत ओक आणि बुरांशची (ऱ्होडोडेंड्रॉनची) झाडी, मग डोंगराची उघडी धार. चाल बरीचशी दिवसाउजेडी, चढही सौम्य, समोर त्रिशूल आणि नंदा घुंटी ही शिखरं (यासाठीच तर जायचं!). पण धारेवर वारा तासन्‌तास पाठ सोडत नाही. भुरभुरत्या बर्फाने पावलांच्या खुणा बुजतात आणि ढग उतरले की जमीन कुठे संपते ते कळत नाही. वाऱ्याच्या आडोशाच्या अंगाला बर्फाची कड बाहेर झुकलेली असू शकते, तिच्याखाली आधार नसतो. फोटोसाठी कडेला जाऊ नका, गाइडच्या पावलावर पाऊल ठेवा. श्वासाने ओला झालेला बफ (गळ्या-तोंडावरचं नळीसारखं फडकं) गोठून कडक होतो, तेव्हा दोन ठेवा.

पाण्याचं दोन्हीकडे सारखंच: ब्लॅडरची (सॅकमधल्या पाण्याच्या पिशवीची) नळी गोठते. बाटली घ्या आणि सॅकमध्ये उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंड मोकळं राहतं. उतरताना ऊन चढलं की मायक्रोस्पाइक्सच्या (बुटांवर चढवायच्या साखळीच्या) दातांत ओल्या बर्फाचे गोळे अडकतात आणि पकड जाते. काठीने ठोकून ते पाडत राहा.

कळसूबाई, हरिश्चंद्रगड नेहमी करणाऱ्यांचा दम दोन्हीकडे पुरेल. बर्फ पहिल्यांदाच तुडवणार असाल तर केदारकंठा, तोही डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात किंवा मार्चमध्ये. ज्यांची बोटं लवकर बधिर होतात, त्यांना ती पहाट जड जाईल. त्यांनी ब्रह्मताल बघावा, मात्र एक राखीव दिवस धरूनच. देहरादूनहून सांकरी सुमारे 200 किलोमीटर, म्हणजे अख्खा दिवस गाडीत. लोहाजंगला काठगोदामहूनही तेवढाच वेळ जातो. तेव्हा पुण्या-मुंबईचं परतीचं तिकीट ट्रेक संपतो त्याच रात्रीचं काढू नका. नाहीतर माथ्यावर वारा पिसाळलेला असताना राखीव दिवस हाताशी असूनही वापरता येत नाही.