बाळ खाटेशेजारीच: प्रसूतिगृहातील चार रात्री

गेल्या महिन्यात पुण्यातील एका खासगी प्रसूतिगृहात माझे दुसरे बाळंतपण सिझेरियनने झाले. तेथील सोयींमध्ये आवर्जून लिहावे असे एकच आहे: बाळाला जन्मापासून आईच्या खोलीतच ठेवण्याची पद्धत, आणि ती बाळंतिणीच्या गळी उतरवण्याची तेथील सिस्टरांची हातोटी.

पहिल्या खेपेस, दुसऱ्या एका रुग्णालयात, मला विश्रांती मिळावी म्हणून बाळाला रात्री नर्सरीत नेत आणि दर तीन तासांनी पाजायला आणत. मधल्या वेळी ते रडले की त्याला पावडरचे दूध दिले जात होते, हे मला घरी निघताना कळले. तरीही या वेळी, टाके ठणकत असताना, बाळ सतत जवळ ठेवण्याचा आग्रह आधी जाचकच वाटला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या स्तनपानाच्या दहा पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर होता, आणि आई व बाळ यांनी अहोरात्र एकत्र राहणे ही त्यातील सातवी पायरी. पण तक्ता वाचून कोणाचे मन वळत नाही. माझे वळले ते पहिल्या रात्री सिस्टरांनी मला कुशीवर वळवून, पाठीशी उशी देऊन बाळाला अंगावर घ्यायला शिकवले तेव्हा. बाळ ओठ चाळवू लागले, मूठ तोंडाकडे नेऊ लागले की लगेच घ्यावे, रडण्यापर्यंत थांबू नये, असे त्यांनी सांगितले. नर्सरीतल्या बाळाचे चाळवणारे ओठ आईला दिसणार कसे? सुरुवातीला चमचाभरच येणारा चीक बाळाला पुरतो, हे त्यांनी इतक्या शांतपणे समजावले की सासूबाईंनीही वरच्या दुधाचा विषय काढला नाही.

पाजून झाल्यावर बाळाला माझ्या अंथरुणात न ठेवता खाटेला लागून असलेल्या पाळण्यात ठेवण्याचा नियम मात्र कडक होता. औषधांच्या गुंगीत आईला झोप अनावर होते, त्यामुळे तो मला पटला.

उणीव दुसऱ्या रात्री जाणवली. मजल्यावर एकच सिस्टर होती. घंटा वाजवूनही बराच वेळ कोणी आले नाही आणि मला उठवत नसल्याने शेवटी माझ्या आईनेच बाळ उचलून दिले. सोबतीच्या माणसासाठी ठेवलेल्या बाकावर तिला धड पाठही टेकता येत नव्हती. जिच्या सोबतीला रात्री कोणी राहू शकत नाही, अशा बाळंतिणीने येथे नाव नोंदवण्यापूर्वी रात्रपाळीला किती सिस्टर असतात, हे स्पष्ट विचारून घ्यावे.