जालन्याच्या गोदामातले विमानाचे सुटे भाग

जालना म्हणजे सळई, हे सगळ्यांना ठाऊक. इथल्या भट्ट्यांसाठी ट्रकच्या ट्रक भंगार येतं. त्यात लोखंडाच्या जोडीने कधी ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, टायटॅनियमही निघतं आणि सळईच्या भट्टीला त्याचा काही उपयोग नसतो. एमआयडीसीमागच्या या बिनपाटीच्या गोदामात तोच माल बाजूला काढून ठेवलाय. बराचसा मिग-२१ चा, थोडा नॅट आणि व्हॅम्पायर या हवाई दलाच्या जुन्या लढाऊ विमानांचा. सगळा एकाच ढिगात.

माल खरा आहे, घेताना ओळख मात्र आपली आपण पटवायची. मालकाला वजन कळतं, विमान कळत नाही.

'मारुत'चा म्हणून दाखवतील तो भाग आधी तपासा. मारुत हे भारतातच बनलेलं लढाऊ विमान, एकूण १४७ च बनली, त्यामुळे नाव घेतलं की भाव चढतो. त्यात दोन ऑर्फियस ७०३ इंजिनं असायची, नॅटमध्ये एक ऑर्फियस ७०१. दोन्ही एकाच घराण्यातली, सुटं ब्लेड हातात घेऊन फरक सांगणं अवघड. ओळखपट्टीवर ७०३ दिसत नसेल तर नॅटचाच भाव द्या.

ओळखपट्टी मूळची की नंतर ठोकलेली, हे रिव्हेट सांगतं. मूळ पट्टीची रिव्हेटं भरीव असतात. डोक्याच्या मधोमध भोक दिसलं तर ते पॉप रिव्हेट, म्हणजे गल्लीतल्या दुकानात मारलेलं. 

नटबोल्टांच्या डब्यात सगळ्यात जास्त फसगत होते. व्हॅम्पायरच्या काळातल्या ब्रिटिश विमानांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) आट्यांचे बोल्ट असत, मिगमध्ये मेट्रिक. शून्य नंबरचा बीए बोल्ट बरोबर ६ मिमी व्यासाचा आणि १ मिमी पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर), म्हणजे मेट्रिकच्या एम-६ चा जुळा भाऊच. फरक फक्त आट्याच्या कोनात: बीएचा ४७.५ अंश, मेट्रिकचा ६०. म्हणून बीएचा बोल्ट मेट्रिक नटात पहिले दोन-तीन फेरे मजेत जातो आणि मग आवळतो. पान्याने जोर लावला की नट गेलाच. पिच गेजने हे सापडत नाही, कारण पिच एकच आहे. आट्याच्या कोनाचा गेज सोबत न्या आणि भिंगातून आटा बघा.

डायल दिसायला सुरेख आहेत, मुलं त्यावरच तुटून पडतात. पण मिगचा कृत्रिम क्षितिज दाखवणारा डायल घरच्या विजेवर फिरत नाही. त्याला ३६ व्होल्ट, ४०० हर्ट्झ, तीन फेज लागतात. आपल्या ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरवर जोडला तर कॉइल तापते आणि जळते. वेगळा इन्व्हर्टर शोधण्याइतकी हौस नसेल तर तो शोभेचाच. दुसरं, ज्या जुन्या डायलचे आकडे पिवळट-तपकिरी झालेत, तिथे किरणोत्सर्गी रेडियमचा रंग असू शकतो. अंधारात चमकत नाही म्हणजे धोका संपला, असं नाही. थकतं ते चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियमचं अर्धआयुष्य १६०० वर्षं आहे. काच फुटलेला डायल घेऊ नका, घेतलेला उघडू नका. किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर लावून मगच पैसे द्या.

सीटचे किंवा कॅनॉपीचे (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणाचे) भाग दिसले तर त्यात सीट किंवा झाकण उडवणारं काडतूस उरलंय का, हे तुम्ही तपासायचं नाही. तो भाग जागेवर ठेवायचा आणि मालकाला पोलिसांना कळवायला सांगायचं.

आता घ्यायचं काय? पत्र्याचे पॅनल, झाकणं, बिजागऱ्या, पाइप, हायड्रॉलिकच्या जोडण्या. मराठवाड्याची कोरडी हवा ॲल्युमिनियमला मानवते, कोकणातल्या खाऱ्या हवेपेक्षा इथला पत्रा कितीतरी चांगला निघतो. तरी कडा नखाने उचकटून बघा. ज्वारीच्या भाकरीसारखा पापुद्रा सुटत असेल तर गंज आतून पोखरतोय. चाकाचं ओतीव कोणत्या धातूचं, हे कळत नसेल तर खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका. लगेच बुडबुडे आले तर मॅग्नेशियम. त्यावर घरी ग्राइंडर चालवू नका, त्याचा चुरा पेट घेतो आणि पाण्याने विझत नाही. पिवळट-हिरव्या प्रायमरवर कोरडा सँडपेपरही नको, त्यात विषारी क्रोमेट असतं. ओला घासा.

रबरी सील, होज मात्र फुकट मिळाले तरी नकोत. इथल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली ते कधीच तडकलेत. आणि कोणी यातला भाग उडत्या विमानात बसवायचं म्हणत असेल, तर कागदपत्रांशिवाय तो निव्वळ धातू आहे.

दोन तक्रारी. मोठे भाग वजनावर आणि लहान नगावर विकतात, मध्यम आकाराच्या वस्तूला मालक सोयीने कोणतंही माप लावतो. आधी ठरवून घ्या. आणि जीएसटीचं बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यावर लॉट क्रमांक लिहून घ्या, एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावाची डिलिव्हरी ऑर्डर असेल तर तिची झेरॉक्सही. रस्त्यात गाडी अडवली तर तेवढंच दाखवायला असतं.