जुनी कॅम्पर आणि मराठवाड्याचं ऊन: एसी लावायचा की कुलर?

जुनी टेम्पो ट्रॅव्हलर नाहीतर ओम्नी घेतली, मागची सीटं काढून गादी टाकली, आता मे महिन्यात वेरूळ, औंढा, माहूर करायचंय. गॅरेजवाला म्हणतो एसी बसवा, मित्र म्हणतात कुलर बास झाला. पैसे खर्च करण्याआधी एकच गोष्ट ठरवा: गारवा गाडी पळताना हवाय की उभी असताना? पहाटे निघून अकराच्या आत मुक्काम गाठणाऱ्याला पळताना खिडक्या पुरतात. खरा छळ दुपारी बारा ते चार आणि झोपताना.

इंजिनवर चालणारा एसी इथेच मार खातो. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन बंद, की गारवा बंद. इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपायचा विचारही नको, धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय एसीचा कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, बहुतेक गाड्यांत रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. कन्नडचा औट्रम घाट चढताना जुन्या इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला, की एसी बंद करूनच पुढे जावं लागतं. रोज दुपारी शंभर-दीडशे किलोमीटर पळणार असाल तरच हा पर्याय धरा.

बॅटरीवरचा एसी उभ्या गाडीत चालतो आणि गारवा खराखुरा देतो. अडचण हिशोबाची आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे जेमतेम १.२ युनिट वीज. ६०० वॉट खाणारा एसी ती दोन तासांत संपवतो; साधी लेड-ॲसिड असेल तर त्याच्या निम्म्यातच, कारण ती पूर्ण उतरवली की लवकर मरते. रात्रभर झोपायचं तर अशा तीन-चार लिथियम बॅटऱ्या लागतात, आणि सगळं मिळून खर्च लाखाच्या वर जातो. ओम्नीच्या टपावर एवढ्या बॅटऱ्या भरतील इतक्या सोलर प्लेटा बसतच नाहीत. टप कापून एसी बसवायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. जुनं वायरिंग तसंच ठेवून त्यावर हा भार टाकू नका. बॅटरीपासून जाड वायर आणि तिला वेगळा फ्यूज हवाच.

आता कुलर. आपल्याकडचं ऊन कोरडं, म्हणून तो इथे चालतो. हाच कुलर रत्नागिरीला नेला तर नुसता दमटपणा वाढवेल. हवा ४२ अंशांची आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर चांगल्या पॅडमधून येणारी हवा ३० अंशांच्या आसपास उतरते. एक लिटर पाण्याची वाफ होताना पाऊण युनिटापेक्षा थोडी कमी उष्णता शोषली जाते, ती बॅटरीतून जात नाही. बॅटरीतून जातात फक्त पंखा आणि पंपाचे पन्नास-साठ वॉट, म्हणजे तीच १०० ची लिथियम बॅटरी रात्र काढून वर उरते. मात्र कुलरसमोरची खिडकी उघडी ठेवायची. गार हवा बाहेर जाईल म्हणून लोक सगळं बंद करतात, आणि अर्ध्या तासात आत घुसमटतं.

कुलरचं खरं भाडं पाण्यात द्यावं लागतं. ज्या लातूरला २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या भागात मे महिन्यात तासाला दोन-तीन लिटर कुठून आणायचं, हे निघण्याआधी ठरवा. पिण्याचा जार वेगळा ठेवा, त्यात हात घालू नका. बोअरचं पाणी क्षाराचं असतं. पॅडवर पांढरा थर चढला की हवा गार होत नाही, म्हणून टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओतून द्यायचं. गाडी पळताना टाकी रिकामीच बरी, नाहीतर पहिल्याच गतिरोधकाला गादी भिजते.

पण एसी घ्या की कुलर, तापलेला पत्रा दोघांनाही हरवतो. टपावर पांढरा उष्णतारोधक रंग, आतून फोमची शीट, समोरच्या काचेला बाहेरून चंदेरी पडदा, आणि टपात एक एक्झॉस्ट फॅन. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटांखाली आणि ट्रॅव्हलरचं चालकाशेजारच्या कव्हरखाली असतं, त्यामुळे थांबल्यावरही तासभर आत आच येत राहते. तिथे साधा फोम नको, आग न धरणारी चटई लावा. माझ्या मते पहिले पैसे इथेच जावेत. म्हैसमाळसारख्या उंचावर मुक्काम असेल तर रात्री नुसत्या फॅनवर भागतं.

कडाक्याच्या दुपारी सोबत तान्हं मूल किंवा आजी-आजोबा असतील तर कुलरवरही विसंबू नका, ते चार तास लॉजवर खोली घ्या. बॅटरीवरच्या एसीच्या खर्चात अशा कितीतरी दुपारी निघतात. बाकीच्यांनी टप, फॅन आणि कुलर या क्रमाने जावं. जूनचा पाऊस सुरू झाला की कुलर उतरवून घरी ठेवा, पॅड मात्र वाळवून.