आयव्ही सेट: नगाचा भाव बघू नका, तो किती तास टिकतो ते बघा

सलाईनचे (आयव्ही) सेट, म्हणजे बाटलीपासून पेशंटपर्यंतच्या नळ्या, घेताना बहुतेक छोटी नर्सिंग होम नगाचा भाव तेवढा विचारतात. स्वस्तातला सेट येतो आणि वॉर्डात रोज बदलावा लागतो, कारण तो कुठेतरी निसटतो, नाहीतर गळतो. म्हणजे चार दिवसांत चार सेट. थोडा महाग पण चार दिवस जागचा न हलणारा सेट शेवटी स्वस्तच पडतो.

चार दिवस हा आकडा मनचा नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या २०११ च्या सूचनांनुसार सतत चालू असलेला सेट ९६ तासांच्या आत बदलायची गरज नसते. मात्र ७ दिवसांच्या पुढे तो ठेवायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या १० रुग्णालयांत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) आणि आर्टरी लाइनच्या (धमनीतली नळी) रुग्णांवर झालेल्या चाचणीत (प्रसिद्धी २०२१) ४ दिवसांऐवजी ७ दिवसांनी सेट बदलल्याने कॅथेटरमुळे (रक्तवाहिनीत घातलेल्या नळीमुळे) होणारा रक्तातला संसर्ग वाढलेला दिसला नाही. उगाच रोज सेट बदलला की रोज एकदा जोड उघडतो, आणि जंतूंना आत शिरायला तेवढीच वाट हवी असते.

ही सवलत 'सतत चालू' सेटलाच आहे, आणि घोळ नेमका इथेच होतो. सकाळ-संध्याकाळ अँटिबायोटिक देऊन मध्ये काढून ठेवलेला सेट २४ तासांनी टाकायचाच. काढल्यावर त्याचं टोक त्याच सेटच्या वाय-पोर्टमध्ये (औषध द्यायच्या बाजूच्या तोंडात) खुपसून ठेवायची सवय सर्रास दिसते. त्याऐवजी दर वेळी नवीन निर्जंतुक टोपण लावा. रक्ताचा सेट ४ तासांपर्यंत. लिपिड (शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण) किंवा लिपिड घातलेलं टीपीएन (शिरेतून द्यायचं पूर्ण पोषण) असेल तर २४ तासांच्या आत, प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाला ६ ते १२ तास. कॅन्युला (शिरेत बसवलेली छोटी नळी) नवीन घातली तर सेटही नवीनच. थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि एक्स्टेंशन (जोडनळी) सेटबरोबरच बदलायचे; त्यांचा वेगळा हिशेब ठेवू नका.

आता सेटकडे वळू. पहिली गोष्ट टोकाची. लुअर स्लिपचं (बिनआट्यांचं) टोक कॅन्युलात नुसतं दाबून बसतं. पेशंट स्टँड घेऊन बाथरूमला गेला, नळी ओढली गेली, की टोक सुटून चादरीवर. मग तेच टोक पुसून परत जोडलं जातं. असा पडलेला सेट त्याच क्षणी बाद. लुअर लॉकला आटे असतात, फिरवून बसवलं की तो सुटत नाही. एवढ्या एका फरकासाठी जास्तीचे पैसे द्यावेत.

दुसरी गोष्ट एअर व्हेंटची, म्हणजे बाटलीत हवा जायच्या वाटेची. आपल्याकडे अजून बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकची अर्धवट कडक बाटली येते. तिच्यात हवा गेली नाही तर धार मंदावते, आणि मग कुणीतरी बाटलीच्या बुडाला सुई टोचून ठेवतं. त्या भोकातून वॉर्डातली हवा गाळल्याशिवाय थेट सलाईनमध्ये जाते. व्हेंटेड सेटमध्ये काट्याशेजारी (बाटलीत घुसवायच्या टोकाशेजारी) फिल्टर आणि छोटं झाकण असतं. काटा घुसवताना झाकण बंद, बाटली टांगल्यावर उघडायचं, आणि उघडल्यावर बाटली दाबायची नाही. फिल्टर भिजला की हवा जात नाही, थेंब थांबतात, आणि 'सेट खराब निघाला' म्हणून परत सुईच येते. मऊ पिशवी असेल तर झाकण बंदच ठेवा.

थेंबांचं गणित पाकिटावर बघून घ्या, ही चूक महागात पडते. साधा सेट २० थेंबांना १ मिली असतो, पण १५ थेंबांचेही मिळतात; मायक्रो ६० थेंबांचा. ५०० मिली ६ तासांत द्यायचं तर २० थेंबांच्या सेटवर मिनिटाला २८ थेंब, १५ च्या सेटवर २१. १५ च्या सेटवर २८ थेंब लावले तर तीच बाटली साधारण साडेचार तासांत संपते. हृदयाच्या किंवा किडनीच्या पेशंटला हे परवडत नाही. म्हणून वॉर्डात एकाच आकड्याचा साधा सेट ठेवावा, दोन पुरवठादारांचा माल मिसळू नये.

रबरी बल्बच्या वाय-पोर्टपेक्षा सुईशिवायचा पोर्ट बरा. बल्ब वारंवार टोचून गळतो आणि सिस्टरच्या बोटालाही सुई लागू शकते. पोर्ट मात्र दर वेळी ७० टक्के अल्कोहोलने ५ ते १५ सेकंद घासून वाळू द्यावा लागतो. नुसतं पुसून भागत नाही.

डायल-फ्लोबद्दल, म्हणजे धार ठरवायला नळीवर बसवायच्या तबकडीबद्दल, आमचं मत फारसं चांगलं नाही. डायलवरचा मिली-प्रति-तास आकडा ठरावीक उंचीलाच खरा. पलंग वरखाली केला की धार बदलते. थेंब मोजावेच लागतात. रक्तदाब टिकवणाऱ्या डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनालिनसारख्या औषधांना त्याच्यावर विसंबू नका, सिरिंज पंपच (ठरावीक वेगाने सिरिंज दाबणारं यंत्र) लावा. इन्सुलिनचं ड्रिप सुरू करताना साध्या पीव्हीसी (नेहमीच्या प्लॅस्टिकच्या) नळीतून आधी २० मिली द्रावण वाहून जाऊ द्या. इन्सुलिन नळीला चिकटतं आणि सुरुवातीला पेशंटपर्यंत कमी पोहोचतं. पॅक्लिटॅक्सेल या कॅन्सरच्या औषधाला पीव्हीसीचा सेट चालत नाही, तिथे वेगळा सेट आणि ०.२२ मायक्रॉनचा इन-लाइन (नळीतच बसवलेला) फिल्टर लागतो.

रोलर क्लॅम्प (नळी दाबून धार कमी-जास्त करणारं चाक) सगळ्यांचाच थोडा कुरकुरतो. एकाच जागी नळी दबून चपटी होते आणि लावलेले थेंब बदलतात, म्हणून लावल्यानंतर १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि क्लॅम्प अधूनमधून सरकवा. चिकटपट्टीवर लावल्याची तारीख-वेळ आणि बदलायची तारीख-वेळ, दोन्ही लिहा. चौथ्या दिवशी नाइट ड्यूटीच्या सिस्टरला त्यातली दुसरी वेळच कामाला येते.