पास्काची मेणबत्ती घेतली, वसईतलं छोटंसं दुकान
यंदा ईस्टरला घरच्या आल्तारासाठी (वेदीसाठी) छोटी पास्काची, म्हणजे ईस्टरची मेणबत्ती घेतली, चर्चच्या बाजूच्या गल्लीतल्या दुकानातून. क्रूस, अल्फा-ओमेगा ही ग्रीक अक्षरं, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे पाच लाल खिळे, काम एकदम सुबक, फक्त सालाचे आकडे स्टिकरचे, ते काय पटलं नाय. ज्योत सरळ, धूर कमी.

दुकानातल्या काकी मात्र भारी, गर्दीतपण सांगत होत्या की चर्चमधली मोठी मेणबत्ती ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री नव्या अग्नीवर पेटवतात, पेंटेकॉस्टपर्यंत (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणारा सण) मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला लावतात आणि नंतर बाप्तिस्म्याला लावतात तशीच मयताच्या मिस्सेला शवपेटीजवळपण, कारण येशू मेलेल्यातून उठला तर आपलं गेलेलं माणूससुद्धा उठणार. आई गेल्यापासून एवढा धीर कोणी दिला नव्हता. आता संध्याकाळच्या रोझरीला (जपमाळेच्या प्रार्थनेला) हीच लावतो, मध्ये रोझरी सुटलीच होती. किंमत जरा जास्तच, आणि पवित्र आठवड्याआधी (ईस्टरच्या आधीचा आठवडा) जा, नंतर मिळत नाय.