लाल रंग माझ्या अंगठ्याला लागला होता, तरी मी पैसे दिले

मागच्या जूनमध्ये काजवे बघायला भंडारदऱ्याला गेलो, तेव्हाची गोष्ट. वर्षभर चारचौघांत सांगितली नाही, कारण लाज वाटत होती. बावीस वर्षं सहकारी बँकेत हिशेब तपासतोय. घरी सिलेंडर आला की कड्याच्या आतल्या पट्टीवरचं ए-२६, बी-२७ वाचल्याशिवाय उतरवून घेत नाही. (ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं डीपर्यंत. त्या मुदतीला टाकीची तपासणी व्हायला हवी असते.) आणि मलाच गॅसच्या टाक्यांत ७,६९० रुपयांना गंडवलं.

आम्ही अकरा जण होतो. चार लहान मुलं, त्यात सासरे सत्तरीचे आणि मधुमेही, त्यांना वेळेवर खायला लागतंच. तंबू, भांडी, शिधा सगळं बरोबर. राहिली होती फक्त शेगडी. २३० ग्रॅमचे वापरून फेकायचे डबे मला नको होते. गडावर त्यांचा खच पडलेला मी पाहिलाय. पाच किलोच्या टाकीसाठी एजन्सीत गेलो, तर 'स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या.' आम्हाला निघायचं होतं दोन दिवसांनी. म्हणून बाजारातल्या शेगडी दुरुस्तीच्या दुकानात गेलो. हौसेने गेलो नव्हतो.

दोन-दोन किलोच्या लाल टाक्या, वर बर्नर बसवलेला. 'साहेब, कोरा माल आहे, आयएसआय.' एका टाकीचे २,३५०, दोन घेतल्या, झाले ४,७००. चार किलो गॅस १४० रुपये किलोने, ५६०. शिवाय 'एक्सचेंज कार्ड', डिपॉझिट १,०००: टाकी संपली की रिकामी द्यायची, भरलेली न्यायची. एकूण ६,२६०. त्याने माझ्यासमोर टाकी काट्यावर ठेवली. रिकामी ३ किलो २००, भरून आणली ती ५ किलो २००. चोख वाटलं. भरायला मात्र आतल्या खोलीत नेली होती. तिथे घरगुती टाकीतून नळी लावून भरतात हे न कळायला मी काही लहान मूल नाही. कळत होतं. सगळेच घेतात म्हणून मीही घेतला. ही चूक माझी, ती मी नाकारत नाही.

पण खरी चूक त्याच्या नंतरची. टाकी उचलताना अंगठा कड्याला लागला आणि लाल झाला. रंग ओला होता. कोऱ्या मालाचा रंग ओला कसा? मी अंगठ्याकडे बघितलं, रुमालाला पुसला आणि खिशातून पाकीट काढलं. ते चार-पाच सेकंद वर्षभर माझ्या डोळ्यांपुढून हललेले नाहीत. तेव्हा नखाने कडा खरवडली असती तर खालचा गंज दिसला असता. हिने मागून विचारलंसुद्धा, 'अहो, बिल घेतलं का?' त्याने वहीतल्या फाडलेल्या कागदावर आकडे लिहून दिले. मी तो घडी करून ठेवला.

संगमनेर सोडलं आणि गाडीत वास यायला लागला. दुसऱ्या टाकीची चावी गळत होती. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साठतो, आणि मुलं मागे टाक्यांच्या शेजारी बसलेली. गाडी बाजूला घेतली, दारं उघडली, सगळ्यांना लांब उभं केलं. ती टाकी पुढे टपावर बांधून नेली आणि तंबूंपासून दूर उघड्यावर ठेवली. त्या प्रवासाचा विचार आला की अजून पोटात गोळा येतो.

म्हणजे उरली एकच टाकी. दोन किलोत दोन दिवस आरामात निघायला हवे होते. शनिवारी दुपारचा स्वयंपाक, संध्याकाळचा चहा, मुलांची भजी झाली आणि रात्री भात अर्धा कच्चा असताना आच बसली. टाकी उचलली तर जड! आत डुबुक-डुबुक वाजतंय, बर्नरला मात्र काही नाही. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले होते. त्यांना बिस्किटं आणि साखरेचं पाणी दिलं. रतनवाडीतल्या एका घराने अकरा पानं वाढली, १३० रुपये पान, १,४३०. त्या माउलीबद्दल तक्रार नाही, रात्री साडेनऊला चूल पुन्हा पेटवली तिने.

घरी येऊन टाकी वजन केली, ४ किलो ३५०. ओळखीच्या गॅस मेकॅनिकने मोकळ्या मैदानात ती उलटी करून चावी उघडली. (हे तुम्ही करू नका, अजिबात नाही.) पाणी आलं. लिटरभराहून जास्त. टाकी परत ३ किलो २०० वर आली. म्हणजे दोन किलोच्या पैशांत साडेआठशे ग्रॅम गॅस. पाणी तळाशी बसतं, गॅस वरून निघतो, त्यामुळे शेवटपर्यंत ज्योत निळी आणि ठणठणीत. हलवूनही कळत नाही, भरलेल्या टाकीतला गॅसही द्रवच असतो, तोही तसाच वाजतो. म्हणून वजनावर विश्वास ठेवू नका, कोणी भरली ते बघा. मेकॅनिकने रंग खरवडला. खाली निळा रंग, त्याखाली गंज. तपासणीची तारीख कुठेच नाही.

दुकानदार म्हणाला, 'पाणी तुम्हीच भरलं असेल.' डिपॉझिटही दिलं नाही. पोलीस चौकीत पहिला प्रश्न, 'बिल?' कागद दाखवला तर हसले. 'भरून कुठे घेतला? मग तुम्हीही त्यात आलात.' हजार रुपये मी ऑनलाइन दिले होते, ते तिसऱ्याच नावावर गेलेले. त्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. वजनमापांच्या कार्यालयात सांगितलं, काटा बरोबर असेल तर आमचा संबंध नाही, पुरवठा कार्यालयात जा. पुरवठ्याच्या टेबलावर सांगितलं, कंपनीच्या टाकीची तक्रार एजन्सीत करा. एजन्सीत सांगितलं, ही आमची टाकीच नाही. पुन्हा पहिल्या टेबलावर, तर साहेब मीटिंगला. तीन रजा गेल्या. एकाने तर मलाच सल्ला दिला, 'काका, सहा हजारांसाठी कशाला?' अहो, सहा हजारांचं राहू द्या, ती गळकी टाकी मुलांच्या मांडीशी होती! घरगुती गॅस असा भरून विकणं गुन्हा आहे हे त्या प्रत्येक टेबलाला ठाऊक आहे. तरी ते दुकान भर रस्त्यावर चालू आहे.

पाच किलोची अधिकृत टाकी, इंडेनचा छोटू वगैरे, ओळखपत्र दाखवून मिळते. स्टॉक नसेल तर बेत पुढे ढकला. छापील बिलाशिवाय रुपया देऊ नका. वापरून फेकायचे डबे कोणी परत भरून देत असेल तर तिथून निघा, ते डबे त्यासाठी बनवलेले नसतात. गळतीचा वास आला तर १९०६ वर फोन करा, आणि टाकी बंद गाडीत माणसांबरोबर ठेवूच नका.

माझ्या दोन्ही टाक्या अजून गच्चीच्या कोपऱ्यात पडून आहेत. एजन्सी घेत नाही, भंगारवाला हात लावत नाही. काल त्या रस्त्याने आलो. काजव्यांचा मोसम जवळ आलाय आणि त्याच्या दुकानाबाहेर फूटपाथवर वर्तमानपत्रं अंथरून सात लाल टाक्या वाळत ठेवल्या होत्या.